लाल बोळातली मोकळ्या कपाळाची बाई

१

आमची हडळ शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, चोरीला गेली.

हडळ म्हणजे खरीखुरी नव्हे, फिल्मवरची. साल पंच्याऐंशी. साकीनाक्याला एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड भाड्याने घेऊन चंद्रप्रकाश नावाचा माझा मित्र भुताचा सिनेमा काढत होता आणि त्याचे संवाद मी लिहीत होतो. मी भिकाजी पेडणेकर, मुलुंडला राहतो, रहस्यकथा लिहितो. माझे गुप्तहेर पायातल्या चपलेवरून माणसाचं गाव ओळखतात. मला स्वतःला घरातला चष्मा सापडत नाही.

या सगळ्याचं मूळ एका व्हिडिओ कॅसेटमध्ये होतं. बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणा मित्राने ती इटलीहून आणली होती. चंद्रप्रकाशने आम्हा सगळ्यांना घाटकोपरच्या घरी बसवून ती दाखवली. शिवणकाम शिकवणाऱ्या बायकांचं एक जुनं घर, आणि त्या सगळ्या बायका चेटकिणी. इटालियन आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं, पण अडलंही नाही. भिंती मोरपंखी होत्या, जिने जांभळे होते आणि रक्त तर इतकं लाल की आपल्या रक्ताची लाज वाटावी. अंधार जवळजवळ नव्हताच. चेटकीण लख्ख हिरव्या उजेडात उभी राहायची आणि माझे हातपाय गार पडायचे. भीती इतकी देखणी असू शकते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कॅसेट संपली तरी कुणी उठेना.

"भुताला काळोख लागतो असं कुणी सांगितलं तुम्हाला?" चंद्रप्रकाश म्हणाला. "काळोखात काय यार, कोणीपण घाबरतं. उजेडात घाबरवून दाखवूया."

आणि त्याने तसं केलं. शेडमध्ये प्लायवूडचा एक लांब बोळ उभारला, टोकाला माणसाच्या उंचीचा आरसा लावला आणि रामनाथ कॅमेरामनने वरच्या दिव्यांना लाल जिलेटिनचे कागद चढवले. दिवे लागले की त्या प्लायवूडचं असं काही होऊन जायचं की आम्ही आपापसात हळू आवाजात बोलायला लागायचो. बोळ जिथे सुरू होतो तिथे कपडेपटाची खोली, आणि आरशाच्या बाजूला शेडचं मागचं दार. कपडेपटात मंजुळाचं राज्य.

गुरुवारी त्या बोळात हडळीला जाळण्याचा प्रसंग चित्रित झाला. हडळीच्या अंगावरचा हिरवा शालू खरोखरच जाळला, म्हणजे पुन्हा चित्रीकरण शक्य नव्हतं. त्या प्रसंगाची फिल्म पत्र्याच्या डब्यात बंद करून, काळ्या पिशवीत घालून कपडेपटाच्या कपाटात ठेवली, कारण तीच खोली सगळ्यात गार. शुक्रवारी संध्याकाळी ती लॅबमध्ये धुवायला जायची होती. जेवणानंतर रामनाथने कपाट उघडलं तर पिशवी नाही आणि डबाही नाही.

चंद्रप्रकाश मटकन खाली बसला. आणि दारावरचा राखणदार तुळशीदास पुढे येऊन म्हणाला, "साहेब, मिया बघलंय तिका."

२

तुळशीदासने काय बघितलं ते दुसऱ्या दिवशी त्याने वनमालासमोर पुन्हा सांगितलं.

वनमाला केणी माझ्या कॉलेजच्या वर्गातली. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, आई अजून अंधेरीच्या बाजारात मासळी विकते आणि ही अंधेरीच्याच कोर्टात वकिली करते. जीभ आईची, पदवी स्वतःची. कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू लावून ती साक्षीदाराकडे बघते, तेव्हा निरपराध माणसालासुद्धा घाम फुटतो. मी तिला बोलावलं, कारण चंद्रप्रकाश सोमवारी सकाळी मंजुळाला पोलिसांच्या ताब्यात देणार होता. मंजुळाला या नोकरीवर मी चिकटवलं होतं.

"तू चाळीस रहस्यकथा लिहिल्यास ना रे भिक्या?" वनमाला आल्या आल्या म्हणाली. "मग मला कशाला बोलावतोस?"

"माझ्या कथेत चोर कोण ते मी आधी ठरवतो."

"इथेपण तुम्ही तेच केलंय," ती म्हणाली आणि तुळशीदासकडे वळली. "बोला काका."

तुळशीदास मालवणकडचा, साठीचा, सरळ माणूस. खोटं बोलायला जी थोडी हुशारी लागते ती त्याच्याकडे नव्हती. "मी जेवान हात धुवन इलय," तो म्हणाला. "भितुर बघलंय तर बोळात एक बाईल माणूस. माझ्याकडे पाठ. काखेत काळी पिशी. मगे ती आरशाम्होरं थांबली, तेव्हा आरशात कपाळ दिसला. मोकळा कपाळ. कुंकू नाय, टिकली नाय. अंगार पांढरा पातळ. काठसुदीक नाय."

"तोंड दिसलं?"

"लांब होती ओ. कपाळ दिसला ना! आमच्यात मोकळ्या कपाळाची बाई एकच."

ते खरं होतं. मंजुळाचा नवरा गिरणीत होता. संप झाला, गिरणी सुटली आणि त्या काळजीत तोही गेला. तेव्हापासून ती पांढऱ्यावर बारीक ठिपक्यांची पातळं नेसायची आणि मानखुर्दला दिराच्या घरात एका कोपऱ्यात राहायची.

"जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये काळोख असेल ना काका? मग एवढं दिसलं कसं?"

"काळोख खंयचो? दिवे चालू होते. लख्ख."

"आणखी काय दिसलं?"

तुळशीदासने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "बाई, ह्या मी साहेबांका सांगूक नाय. तिच्या हातात काळे दोरे होते. दोनय मनगटांत, गच्च बांधलेले. ती बाई काय साधी नाय. तो सिनेमा काढल्यापासून तिच्यात कायतरी शिरलाहा."

वनमालाच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

३

मंजुळा शेडबाहेर बदामाच्या झाडाखाली बसली होती. तिला आत यायला मनाई होती. कपडेपटाच्या खोलीची किल्ली नेहमी दाराच्या चौकटीवर असायची, हे युनिटमधल्या सगळ्यांना माहीत होतं, पण ते आता कुणालाच आठवत नव्हतं. युनिटमधल्या पोरी तिच्यासमोरून जाताना पदर सावरून घेत होत्या. नलिनी, जी चेहरे रंगवायची आणि जिला मंजुळाने परवापर्यंत आपल्या डब्यातली भाकरी दिली होती, तीसुद्धा वळसा घालून गेली. 'चेटकीण' हा शब्द आमच्या सिनेमाच्या संवादांतून निघून तिच्यावर जाऊन बसला होता. तो शब्द माझ्याच पेनातून आला होता, आणि मला भयंकर शरम वाटली.

"पोलीस इले तर दीर घरात घेवचो नाय," मंजुळा म्हणाली. रडत नव्हती, रडून झालं असावं. "चोर म्हणतील तां सोसन. पण चेटकीण म्हटल्यार कोण कामाक ठेवतलो माका? माझ्या सावलेक पण कोण उभो रवचो नाय."

वनमाला तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "मंजुळाताई, हात दाखवा."

मंजुळाने हात पुढे केले. मनगटं उघडी होती. बांगडी नाही, दोरा नाही, दोरा बांधल्याचा वळसुद्धा नाही. नवरा गेला त्या दिवशी बांगड्या उतरल्या त्या उतरल्या.

"काल काही बांधलं होतं?"

"मी? मनगटात बांधूचा काय रवला माझ्या?"

वनमाला काही वेळ त्या हातांकडेच बघत राहिली. मग तिने डब्यातल्या फिल्मबद्दल विचारलं. हडळ जळते तो प्रसंग, एवढं मंजुळाला माहीत होतं. पण शालूचं नाव काढताच तिचा चेहरा बदलला.

"तो शालू साहेबांनी घरसून आणललो. जुनो, भरजरी. त्यांच्या भयणीचो, द्रौपदीचो. ती पयल्या बाळंतपणात गेली. मी हात जोडून सांगलंय, साहेब, बाळंतिणीचा कापड जाळू नये. तर म्हणतत, मंजुळा, खरो शालू जळतलो तेव्हाच पडद्यावर खरी आग दिसतली. काय बोलू? मीच कमळच्या अंगार तो नेसवलंय."

कमळ म्हणजे आमची हडळ झालेली नटी. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, हे कोकणात शेंबडं पोरही सांगेल. चंद्रप्रकाशनेही आमच्या हडळीला तसंच मरण दिलं होतं. मला आता कुठे कळलं की ते त्याने कुठून उचललं होतं. हे नुसतंच सिनेमावेड होतं की बहिणीला पुन्हा एकदा बघायची ओढ, ते मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात चंद्रप्रकाश बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. "वकीलबाई, तुम्ही हवं ते विचारा. पण डबा सोमवारी सकाळपर्यंत मिळाला नाही तर मी चौकीवर जाणार. माझी वाट लागलीय इथे. सकाळपासून उपाशी आहे, आईने आज डबापण आणला नाही. बाहेरची मिसळ खाऊन पोरं काम करतायत."

"आई रोज डबा आणते?" वनमालाने विचारलं.

"रोज. घाटकोपरहून. मागच्या दाराने येते, डबा ठेवते आणि जाते. काल आणला होता. आज म्हणाली, बरं नाही."

वनमाला उठली, साडी झटकली आणि म्हणाली, "मला तो बोळ बघायचाय. काल दुपारी जसा होता, अगदी तसा."

४

रामनाथ दिव्यांच्या फळीवर चढून बसला होता. मी त्याला विचारलं की काल जेवणाच्या सुट्टीत दिवे का चालू होते.

"नवे कागद आलेत रे. हे लाल जिलेटिन गरम झालं की करपतं कधीकधी. म्हणून नवीन चढवले आणि जेवण होईपर्यंत चालू ठेवले, करपतायत का बघायला. का?"

"हे कुणाला सांगितलं नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही. मी लॅबवाल्यांशी फोनवर भांडत होतो."

वनमालाने त्याला दिवे लावायला सांगितले.

मी तो बोळ कितीतरी वेळा बघितला होता. तरीही दिवे लागले आणि मी दारातच थांबलो. लाल रंग भिंतींवर नव्हता, हवेतच होता. जमीन, छत, आमचे हात, सगळं त्यात बुडून गेलं. दूरवर आरशात दोन माणसं उभी होती, ती आम्हीच होतो, पण आम्ही वाटत नव्हतो. देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर जसं आपोआप बोलणं बंद होतं, तसं आमचं बोलणं बंद झालं. एरवी कोर्टात न्यायाधीशालाही न जुमानणारी वनमाला त्या लाल उजेडात हळूहळू चालत आरशापर्यंत गेली आणि खिळल्यासारखी उभी राहिली.

"बाई गं," ती पुटपुटली. "काय हे!"

मला वाटलं, ती त्या रंगालाच म्हणते आहे. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच तिने विचारलं, "भिक्या, मी आज कुंकू लावलंय का रे?"

"म्हणजे काय? मघाशी दारात बघितलं की मी. एवढं मोठं—"

ती वळली.

वनमालाच्या कपाळावर काहीच नव्हतं.

५

मी ओरडलो असणार, कारण रामनाथ वरून वाकून बघायला लागला. वनमालाने माझा दंड धरला आणि मला ओढत बाहेर उन्हात आणलं. कुंकू होतं. जिथल्या तिथे, लालभडक, जराही न विस्कटलेलं.

"घाबरू नको," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत हसू होतं. "आमच्या बाजारात एक बाई डोक्यावर लाल प्लास्टिकची ताडपत्री बांधायची. तिच्या टोपलीतली कालची सुरमईपण ताजी दिसायची. कल्ला उचलला की आत लालच लाल. माझी आय गिऱ्हाइकांना ओरडायची, 'मासोली उजेडान बग गो, मंग बोल!' आज कळलं, आय काय बोलायची ते."

"मला अजून नाही कळलं."

"लाल उजेडात लाल रंग दिसत नाही रे. सगळंच लाल, मग कुंकू वेगळं दिसणार कुठून? लाल, केशरी, पिवळं, सगळं पांढऱ्यासारखं उजळ दिसतं. आणि हिरवं, निळं काळं पडतं. तुळशीदासकाका खोटं बोलले नाहीत. त्यांनी जे बघितलं तेच सांगितलं. पण कपाळ मोकळं दिसलं म्हणून तुम्ही सगळ्यांनी ठरवलं, विधवा. आणि विधवा इथे एकच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे."

मी आ वासून ऐकत होतो.

"आता तूच सांग," ती म्हणाली. "मनगटातले काळे दोरे म्हणजे काय?"

मला उत्तर सुचलं. "हिरव्या बांगड्या."

"म्हणजे मंजुळा सुटली, तिच्या हातात बांगडीच नाही. काल कमळने काय नेसलं होतं?"

"निळं."

"बोळात ते काळं दिसलं असतं. नलिनी?"

"ती पंजाबी ड्रेस घालते."

"मग काल इथे आलेली, हिरव्या बांगड्या घातलेली, लाल काठाचं पिवळं किंवा केशरी पातळ नेसलेली बाई कोण? बाई सवाष्ण आहे. तिला या शेडमध्ये कुणी अडवत नाही, ती आली काय नि गेली काय, कुणी मान वर करून बघत नाही. आणि ती आज आली नाही."

पिवळ्या पातळातली, डब्यांची पिशवी सांभाळत मागच्या दाराने येणारी पार्वतीबाई माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. चंद्रप्रकाशची आई. द्रौपदीची आई.

वनमालाने रामनाथकडून लाल जिलेटिनचा हातभर तुकडा मागून घेतला, गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला.

६

घाटकोपरला दार उघडलं ते चंद्रप्रकाशच्या वडिलांनी, श्यामसुंदररावांनी. अंगावर बंडी आणि चेहऱ्यावर कैद्याचा वैताग.

"या, या. कुणीतरी आलं एकदाचं! कालपासून ही मला घराबाहेर सोडत नाहीय हो. दूध आणायला जातो म्हटलं तर दार अडवून बसली. गॅस पेटवू नका, स्टुलावर चढू नका. मी काय तान्हं बाळ आहे?"

पार्वतीबाई देव्हाऱ्यासमोर बसली होती. कालपासून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं, हे बघताच कळत होतं. हातांत हिरव्या बांगड्या होत्या. कपाळावर कुंकवाचा इतका जाड थर होता की त्याला भेगा पडल्या होत्या. आमच्याशी बोलता बोलता तिचा हात करंड्याकडे गेला आणि तिने त्यावर आणखी एक बोट टेकवलं.

माझ्या कथेतला गुप्तहेर इथे बोट रोखून 'चोर तुम्हीच!' म्हणाला असता. वनमाला खाली बसली आणि तिने फक्त एवढंच विचारलं, "पार्वतीकाकू, काल आरशात काय दिसलं तुम्हाला?"

म्हातारीचा हात करंड्यातच थांबला. मग ती श्यामसुंदररावांकडे बघून म्हणाली, "तुम्ही आत जा." ते गेले नाहीत.

"तिनं पुसलंन माझं कुंकू," पार्वतीबाई म्हणाली. "द्रौपदीनं. मी डबा घेऊन बोळातनं यायला निघाले आणि समोर आरशात बघते तर कपाळ रिकामं! मी काय तिचं वाईट करायला गेले होते? तिला सोडवायलाच गेले होते ना? तरी माझ्यावर कोपली. आता यांचं काही बरंवाईट होणार."

वनमालाने पर्समधला लाल कागद काढला, भिंतीवरचा छोटा आरसा उतरवून म्हातारीच्या हातात दिला आणि तो कागद तिच्या डोळ्यांसमोर धरला. पार्वतीबाईने आरशात बघितलं. तिचे ओठ हलले. मग वनमालाने कागद बाजूला केला. कुंकू परत आलं. पुन्हा कागद धरला, पुन्हा गेलं. म्हातारीने तो कागद स्वतःच्या हातात घेतला आणि कितीतरी वेळ डोळ्यांसमोर धरत, काढत राहिली. त्या तुकड्यात तिचं सगळं सौभाग्य येत होतं आणि जात होतं. श्यामसुंदरराव दारात उभे राहून बघत होते. त्यांनाही आता वैताग उरला नव्हता.

"कुणी पुसलं नाही काकू," वनमाला म्हणाली. "हा उजेडाचा खेळ आहे. द्रौपदी तुमच्यावर रागावलेली नाही."

तेव्हा पार्वतीबाई रडली. आवरावं असं कुणालाही वाटू नये, तशी रडली. रडता रडताच तिने देव्हाऱ्याखालचा पडदा सारला. आत खणात गुंडाळलेला फिल्मचा डबा होता. झाकणाची चिकटपट्टी तशीच होती आणि झाकणावर हळदकुंकू वाहिलं होतं.

"गुरुवारी डबा घेऊन गेले तर जमिनीवर नुसती जर पडली होती, जळून काळी झालेली. मी ओळखली. माझ्या हातानं घेतला होता तो शालू तिच्या लग्नात. रात्री चंदूनं सांगितलं, त्याची फिल्म मंजुळाच्या कपाटात आहे. माझ्या लेकीला हडळ केलंन आणि वर जाळलंन. आता गावोगाव थेटरात रोज जाळणार तिला, दिवसातून तीन तीन वेळा. तुम्ही आई असतात तर काय केलं असतंत?"



"मीपण हेच केलं असतं," वनमाला म्हणाली. "पण काकू, या डब्यापायी तिथे मंजुळाला सगळे चेटकीण म्हणतायत. सोमवारी तिला पोलिसात देणार आहेत."

पार्वतीबाईने डोळे पुसले. "मंजुळाला? चंदू तर म्हणाला, चोर सापडला. कोण ते बोलला नाही. मला वाटलं, माझी परीक्षा बघतोय." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "ती बिचारी शालू जाळू नका म्हणाली होती. एकटी तीच म्हणाली होती. अहो, माझी चप्पल कुठेय?"

७

सोमवारी सकाळी सगळं युनिट शेडमध्ये उभं होतं. पार्वतीबाईने लपवाछपवी केली नाही. डबा दोन्ही हातांत धरून तिने जे केलं ते सांगितलं, का केलं ते सांगितलं, आणि मंजुळाचं नाव घेऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्यावर आळ आला तो माझ्यामुळे. हिची चोर मी आहे." मग रामनाथने दिवे लावले आणि वनमालाने युनिटमधल्या सगळ्या बायकांना लाल बोळात एका ओळीत उभं केलं. कमळ, नलिनी, पार्वतीबाई, ती स्वतः, आणि शेवटी मंजुळा. आरशात एकाही कपाळावर काही नव्हतं. सवाष्ण कोण आणि विधवा कोण, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. नलिनीने हळूच मंजुळाचा हात धरला, आणि मंजुळाने तो धरू दिला.

त्या इटालियन चेटकिणींनी आम्हाला घाबरवलं होतं. या पाच बायका नुसत्या उभ्या होत्या, आणि मला हात जोडावेसे वाटले.

चंद्रप्रकाशने आईच्या हातातला डबा घेतला, थोडा वेळ धरला आणि तिलाच परत दिला. "सिनेमाचा शेवट बदलूया, भिक्या," तो मला म्हणाला. मग तो मंजुळासमोर गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "चुकलो मी. आत या, मंजुळाताई. खोली तुमचीच आहे."

मंजुळा आत गेली नाही. उलट ती चालत दाराकडे आली, जिथे तुळशीदास आपल्या स्टुलाजवळ अंग चोरून उभा होता.

"तुका रोज सकाळी चाय कोण देता?" तिने विचारलं.

"तू," तो म्हणाला.

"मगे माका वळाखलंस कशावरसून? कपाळावरसून. एवढी चाय पिलंस माझ्या हातची, आणि माझा तोंड कधी बघलंसच नाय." तिने त्याला बाहीला धरून शेडबाहेर आणलं, भर उन्हात त्याच्यासमोर उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर मागे सारला. "आता बघ. कपाळ सोड. तोंड बघ माझा."

तुळशीदासने मान वर केली. रस्त्यावरून टेम्पो जात होते, समोरच्या वर्कशॉपमध्ये पत्रा ठोकत होते. तो बघत राहिला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, तरी त्याने नजर काढली नाही.

"तुझ्या डाव्या गालार तीळ आसा," तो शेवटी म्हणाला.

"आसा," मंजुळा म्हणाली, आणि आत कामाला गेली.